गायरान कुणी खाल्लं?

पोत्यावर छापलंय 'भारत'. आतला माल मोरोक्कोचा, नाहीतर सौदीचा, नाहीतर रशियाचा. ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानाच्या झाडून सगळ्या खतांना हे एकच नाव लावायचा हुकूम आहे. भारत डीएपी. भारत एमओपी. जहाज धक्क्याला लागतं, ग्रॅब हॅचमध्ये उतरतो, खताचा डोंगर उपसून हॉपरमध्ये ओततो, आणि खाली आम्ही उभे. तोंडाला फडकं, पापण्यांवर खताचा थर. पन्नास किलो भरले, तोंड शिवलं, टाक ट्रकात. पाळी सुटेस्तोवर मी असे किती भारत ट्रकात टाकतो ते मुकादमालाच ठाऊक. पोटॅश तर या देशात खाणीतून निघतच नाही, सगळं समुद्रावरून येतं.

कधीमधी न्हावा-शेव्याच्या बाजूला काम लागलं की उलटं. तिथं सोयाबीनची पेंड कंटेनरात भरायची. आपल्याच रानातली सोयाबीन, तेल गाळून उरलेली पेंड, आणि ती चालली परदेशातल्या जनावरांच्या दावणीला. म्हणजे बघा दोस्तहो, मातीचा कस एका पोत्यातून बाहेर जातो आणि दुसऱ्या पोत्यातून विकत आत येतो. दोन्ही वेळा माझ्याच पाठीवरून. आणि गावाकडं, जिथं जनावर चरून, हगून, मुतून माती फुकटात भारी करायचं, त्या गायरानाचा निकाल कोर्टात चाललाय.

२०२२ च्या हिवाळ्यात बापाचा फोन आला. मी धक्क्यावरच बसलो होतो. "कागद आलाय. रान मोकळं करा म्हनत्यात. कशापाई, तर म्हनं गावच्या ढोरास्नी चरायला जागा पायजे." आणि बाप हसला. फोनवर बाप हसतो तेव्हा मला भीती वाटते. ज्या गावानं माझ्या आज्याला मेलेली ढोरं ओढायला लावली, त्या गावाला आता जित्या ढोरांचा पुळका आला होता!

त्या साली मुंबई हायकोर्टानं गायरानावरच्या अतिक्रमणांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला होता. सरकारनं कोर्टापुढं आकडा ठेवला: राज्यात गायरान सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर, त्यातलं अतिक्रमणाखाली सुमारे १० हजार हेक्टर. शंभरातलं सव्वादोन. हा आकडा आमचा नाही, सरकारचा. आता करा हिशेब. सव्वादोन आम्ही खाल्लं असं धरून चालू. त्यात पुढाऱ्याची शाळा, बागायतदाराची विहीर, सरपंचाच्या मेव्हण्याचा धाबा, सगळंच आलं. पण तेही आमच्याच नावावर टाका. मग राहिलेल्या पावणेअठ्ठ्याण्णवावर गुडघाभर गवत डुलत असायला पाहिजे. डुलतंय का? जाऊन बघा एकदा. एका अंगाला खडीच्या मशीनची धूळ, दुसऱ्या अंगाला मुरमासाठी खोदलेले खड्डे, मधे वेडी बाभूळ आणि घाणेरी, आणि उरलेल्यात उघडा, ऊन खाल्लेला माळ. पाऊस पडला की लाल पाणी होऊन माती ओढ्याला. हे शंभरातल्या सव्वादोनांनी केलं?

पण पांढरपेशा पर्यावरणवाल्याला विचारा, गायरान कुणी खाल्लं? त्याची दोन उत्तरं ठरलेली. एक, अतिक्रमणवाल्यानं. दोन, शेळीनं. आणि योगायोग असा की गावात अतिक्रमणवाला आणि शेळीवाली एकाच खोपटात राहतात.

शेळीवर हा खटला इंग्रजाच्या काळापासून चालू आहे. त्याच्या दप्तरात ज्या जमिनीचा सारा येत नाही ती 'वेस्ट'. आपल्या साहेबांनी त्याचं 'पडीक' केलं आणि विषय संपवला. गवत ही वस्तू त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही. झाड दिसतं, पीक दिसतं, प्लॉट दिसतो. माळावर पन्नास जातीचं गवत, त्यात माळढोक, तित्तर, लांडगा, मेंढका, शेळक्या, सगळं जगतंय, तरी कागदावर पडीक. म्हणून तर २०१७ ते २०१९ मध्ये पन्नास कोटी झाडांची मोहीम निघाली तेव्हा माळावरही खड्डे पाडले. ज्या मुरमावर हजारो वर्षं गवतच उगवत आलं, तिथं रोपं रोवून फोटो काढले. पाण्यावाचून रोप वाळलं, आणि खड्ड्यानं उपटलेलं गवतही गेलं.

गवताचं गणित मला शाळेनं शिकवलं नाही. मॅट्रिकच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषण होतं, बापाच्या शेळ्या नव्हत्या. ते बापानं शिकवलं. गवत वर वाढतं तसं खालीही वाढतं. जनावरानं पात खुडली की गवत खालची थोडी मुळं सोडून देतं. ती मुळं मातीत कुजतात, मातीला काळेपणा येतो, मूळ गेलं तिथं वाट राहते आणि त्या वाटेनं पाऊस आत मुरतो. कोरड्या माळाची पपडी खुरांनी फुटते, बी दबून मातीला चिकटतं. शेण पडलं की शेणकिडे ते गोळ्या करून खाली ओढतात. आणि अजिबात चारलंच नाही, तर जुनी वाळकी काडी उभी राहून नव्या फुटव्यावर सावली धरते, ठोंब आतून मरतं. गवताला दात लागावेच लागतात.

पण दात लागल्यावर गवताला उसंत पाहिजे. सगळी मेख इथं आहे. पुन्हा पात फुटून वाढेस्तोवर त्याला तोंड लागता कामा नये. तेच ठोंब आठवड्याआठवड्याला खुडत राहिलं तर मुळातली साठवण संपते, मूळ आखडतं. मग मारवेल, पवन्या, शेडा ही जनावर आवडीनं खातं ती गवतं आधी जातात आणि कुसळ माजतं. फुलोऱ्यावर आलं की ते मेंढीच्या लोकरीत, शेळीच्या ओठात घुसतं. कुसळानं भरलेला माळ दिसला की समजा, इथं जनावर चरत होतं पण राखणारा नव्हता. पहिल्या झडीत ओल्या काळ्या मातीवर ढोरं घातली तरी नासच, माती दाबून विटेसारखी होते. म्हणून जुनी माणसं पावसाळ्यात कुरण बंद ठेवायची, बी झडून जाईस्तोवर आत पाय टाकू द्यायची नाहीत. माळ जगणं-मरणं जनावरांच्या नुसत्या संख्येवर नसतं. कळप एका जागी किती दिवस थांबला आणि परत कधी फिरला, यावर ते असतं. आणि ते ठरवणारा माणूस म्हणजे गुराखी, मेंढका, शेळ्या वळणारी पोरगी. ज्यांना तुम्ही अडाणी म्हणता.

हा माणूस गावातून काढला कुणी? २०१५ साली महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी आली. थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, हे शेतकऱ्याचं चक्र मोडलं. न खपणारं जनावर रात्री सोडून द्यायचं आणि सकाळी हात झटकायचे. बिनमालकाची, बिनगुराख्याची ढोरं बारा महिने त्याच माळावर फिरतात, फुटेल ती पात खातात. गोरक्षकाला गाय दिसते; गायीखालचं गवत त्यालाही दिसत नाही.

आता माझ्या घरचं सांगतो, कारण नुसत्या तत्त्वावर बोलणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे.

आमचं गाव मराठवाड्यात. १९८४ ला आज्यानं गायरानाच्या कडेला दोन एकर फोडलं. रान कसलं, खडकच तो! दोन वर्षं आजा-आजी नुसते धोंडे वेचत होते, त्या धोंड्यांची ताल घातली. बैल नव्हते, शेळ्या होत्या. आज्यानं काय केलं, रोज रात्री शेळ्यांची दावण चार हात पुढं सरकवायची. आज इथं, उद्या तिथं. लेंड्या आणि मूत जागच्या जागी. उन्हाळाभर दावण अशी फिरवत आख्खं दोन एकर झालं की परत पहिल्यापासून. सुगीनंतर धनगरांचे वाडे उतरायचे, तेव्हा दोन रात्री मेंढरं बसवून घ्यायची, बदल्यात ज्वारी. तीन-चारशे मेंढरं एका रात्रीत जे टाकून जातात त्याला पोतं नाही, छापा नाही, अनुदान नाही. सातव्या-आठव्या वर्षी त्या मुरमावर कमरेएवढी ज्वारी आली. माझ्या बापाला त्या ज्वारीचा वास अजून आठवतो. म्हणजे ज्या मातीवर आज नोटीस आलीय ती माती मुळात तिथं नव्हतीच. ती जनावरानं आणि माझ्या आज्यानं केली.

पुरावा? आज्याच्या पत्र्याच्या पेटीत दंडाच्या पावत्या आहेत. दरसाल तलाठी यायचा, अतिक्रमणाचा दंड घ्यायचा, पावती फाडायचा. ज्या कागदानं आम्हाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आमचा हक्क सांगतो. कारण २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे: १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात अनुसूचित जाती-जमातीच्या भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करा. तीस वर्षांच्या वर झाली. तालुक्याचे साहेब बदलले, खुर्च्यांचे गादे बदलले, आमची फाईल तिथंच.

सुप्रीम कोर्टाचं नाव घेऊन आता धमकावतात. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार, २८ जानेवारी २०११. तिथला तंटा गावच्या तळ्याचा, कब्जा करणारे पैसेवाले. कोर्टानं गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सगळ्या राज्यांना सांगितलं आणि महाराष्ट्रानं १२ जुलै २०११ ला त्यावर शासन निर्णय काढला. पण त्याच निकालात शेवटी लिहिलंय की अपवाद म्हणून काही ठिकाणी कब्जा कायम करता येईल, जसं की सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना दिलेली जमीन. बुलडोझर आणणारे निकाल वाचतात आणि नेमके या ओळीच्या आधी चष्मा काढतात.

चराईबंदीचंही असंच. हिवरे बाजारनं १९९० नंतर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, डोंगर हिरवा झाला. झाला, मी नाकारत नाही. गवताला उसंत दिली की ते येतंच, आत्ताच सांगितलं ना. पण तोच नमुना उचलून पाणलोटाच्या गावोगावी नेला तेव्हा काय झालं? गवत कापून न्यायचं, गोठ्यात बांधून घालायचं. ज्याच्याकडं गोठा आहे, पाण्याची मोटार आहे, संकरित गाय आहे, त्याला हे सोपं. चार शेळ्यांवर लेकरांची फी भरणाऱ्या बाईनं काय बांधायचं आणि कुठं? बंदी आली की बाजारात पहिली शेळी तिची जाते. २०१९ च्या पशुगणनेत या राज्यात शेळ्या एक कोटीच्या वर मोजल्या. त्या बंगल्यात राहत नाहीत. आणि उसंत द्यायला बंदीच कशाला? माळाचे चार तुकडे करा, एक चारा, तीन झाका, फिरवत राहा. चरायचं कुठं आणि कधी हे चारणारीला ठरवू द्या. पण तसं केलं तर तिला कमिटीत खुर्ची द्यावी लागेल. तिथं तुमची खरी अडचण आहे.

मोबाइलवर एका गोऱ्या म्हाताऱ्याचं भाषण बघितलं, अॅलन सेव्हरी, २०१३ चं. तरुणपणी तो आफ्रिकेत ऱ्होडेशियाच्या जंगलखात्यात होता. माळ उजाड होतोय, दोष हत्तींचा, असं त्यानं ठरवलं आणि सरकारनं चाळीस हजारांवर हत्ती मारले. माळ सुधारला नाही, आणखी बिघडला. त्यानं स्वतःच कबूल केलं की ती आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. आता तो सांगतो, कळप दाटीनं आणा, लवकर हलवा, मातीत कार्बन जिरेल, जगाची उष्णता कमी होईल. जगाच्या उष्णतेचा भाग पुष्कळ शास्त्रज्ञांना मान्य नाही, आणि मलाही तो अंमळ जास्तच वाटतो. पावसापावसाचा, मातीमातीचा फरक आहे. पण बघा गंमत. दाटीनं आणा, लवकर हलवा हे धनगर पिढ्यान्‌पिढ्या करतोय. दिवाळीनंतर वाडे उतरतात, शेतात बसतात, पावसाआधी माघारी फिरतात. गोऱ्याच्या तोंडून आलं की ते शास्त्र, पुढं त्यावर कार्बनचा बाजारही उभा राहतो. धनगराच्या काठीला तेच लटकलं की भटकेपणा, उपद्रव. जमीन महसूल अधिनियमाचं कलम २३ वाचा. मोफत चराईच्या जमिनीवर चरायचा हक्क ज्या गावाची जमीन त्याच गावच्या जनावरांना. म्हणजे जो कळप फिरता आहे म्हणून माळ वाचतो, तोच कायद्यानं परका!

आणि आता नवा जावई आलाय. २०१७ साली याच अधिनियमात कलम २२-अ घालून गायरानाला संरक्षण दिलं, पण सरकारी 'सार्वजनिक प्रयोजना'चं दार उघडं ठेवलं. त्या दारातून २०२३ नंतर सौर कृषी वाहिनीची पॅनेलं येताहेत. खाजगी शेतकऱ्याला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं. गायरान मात्र नाममात्र दरानं. विजेला माझा विरोध नाही, बापाच्या खोपटातही दिवा लागायला पाहिजे. पण परदेशात पॅनेलांखाली मेंढरं चारतात, गवत कापायचा खर्च वाचतो आणि जमीनही जिती राहते. इथं काय? तारेचं कुंपण, कुलूप आणि शिट्टी फुंकणारा वॉचमन. कंपनीनं कुंपण घातलं तर विकास, आणि आज्यानं धोंड्याची ताल घातली तर अतिक्रमण.

मागच्या महिन्यात लायब्ररीखालच्या टपरीवर आपल्यातलाच एक दोस्त म्हणाला, "बाबासाहेबांनी शहराकडं चला सांगितलं, आणि तू कविता सोडून शेळ्या-मेंढ्या काय घेऊन बसलास?" दोस्त, गाव सोड सांगितलं, जमीन सोड कुठं सांगितलं? ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मागण्यांत पडीक जमीन कसणाऱ्याला द्या ही मागणी होती. मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी गायरानासाठी मार खात आयुष्य काढलं. २०१६ ला उन्यात मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या पोरांना फोडून काढलं, तेव्हा गुजरातमधल्या आपल्या लोकांनी गाय तुमची तुम्ही सांभाळा म्हणत कुटुंबामागं पाच एकर मागितले. त्या गल्लीतून तू आणि मी आलोय.

पण एक गोष्ट आपल्यालाही ऐकावी लागेल, कडू आहे. आपण सातबाऱ्यासाठी लढलो, गवतासाठी नाही. नांगराखाली गेला तेवढाच माळ आपला, बाकीचा माळ कुणाचाच नाही, असं आपणही वागलो. आपल्यातल्या काही पुढाऱ्यांनी वीटभट्टीला गायरान भाड्यानं दिलं, मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्या आया माळावरचं शेण वेचून गोवऱ्या थापतात, आणि मातीचं जेवण चुलीत जातं. सिलिंडर परवडत नाही हे खरं, तरी जातंच. आपल्या स्टेजवर धनगर नसतो. शेळी आणि मेंढी एका पाणवठ्यावर आली की आपण आणि ते काठ्या काढतो, आणि तेवढ्यात खडीची मशीन आणखी दोन एकर आत सरकते.

म्हणून माझं म्हणणं असं. १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांत बसणारं प्रत्येक रान कसणाऱ्याच्या नावावर करा, बाईचं नाव आधी. खदानी आणि पुढाऱ्यांचे कब्जे आधी उठवा. उरलेला सगळा माळ चराईसाठीच राखा, पण राखणारी कमिटी चारणाऱ्यांची असू द्या: आमची, मातंगांची, पारध्यांची, वडारांची, आणि वाटेनं येणाऱ्या धनगराचीही, मग कलम २३ बदलावं लागलं तरी बदला. आणि खताच्या अनुदानातला चिमूटभर वाटा माळाच्या राखणीला द्या, शेळ्या वळणाऱ्या पोरीला त्यातून रोज मिळू द्या. ती जे करते ते शेतीचंच काम आहे.

बापाची नोटीस अजून पेटीत आहे, पावत्यांच्या शेजारी. परवा त्याचा फोन आला. यंदा वाडा उतरला तेव्हा मेंढक्याशी बोलणं झालंय म्हणाला, तोही ग्रामसभेला बसायला तयार आहे, गाववाले बसू देतील का बघायचं. सरपंचानं विषयपत्रिकेत गायरान घेतलेलंच नाही. बाप म्हणतो, आपुनच उठून इचारायचं. मी तीन दिवसांची सुट्टी टाकलीय. मुकादम म्हणाला, खाडा धरीन. धर म्हणालो.